बारा-शून्य

क्रिकेटच्या सामन्यांवर पैसे लावण्यासाठी बनवलेली तुझी शीट दोनदा पाहिली. प्रत्येक संघाचा प्रत्येकाशी हिशोब, मैदानवार, वर रंगीत रकाने. मेहनत घेतली आहेस, कबूल. आणि खाली तुझा प्रश्न: ‘काका, आकडे बरोबर असूनही पैसे का जातात?’

अरे बाळा, तुला दिसलेला आकडा सट्ट्याचा भाव काढणाऱ्याला तुझ्या आधी दिसलेला असतो. आधी भाव बघ. आकडा नंतर.

24 ऑक्टोबर 2021, दुबई. वनडे आणि टी-ट्वेंटी विश्वचषक मिळून भारत पाकिस्तानविरुद्ध 12-0. माझ्या वहीत ते लाल शाईने लिहिलेलं होतं. तीस वर्षं क्लबच्या सामन्यांचं स्कोअरिंग केलेला माणूस मी, देवापेक्षा वहीवर जास्त विश्वास. पाकिस्तानच्या शाहीनने रोहितला त्याने खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर पायचीत केलं. आपल्या 151 झाल्या आणि त्यांनी एकही गडी न गमावता त्या 17.5 षटकांत काढल्या.

नंतर वही घेऊन बसलो. त्या बारातला पहिला विजय 1992 चा, सिडनीचा. दुबईतला त्यांचा कर्णधार बाबर आझम, त्याचा जन्मच 1994 चा! रिझवान आणि शाहीन बारांपैकी एकाही सामन्यात नव्हते, बाबर फक्त 2019 च्या. म्हणजे मी पैसे लावले ते 1992 मधल्या मियाँदादच्या संघाविरुद्ध, आणि मैदानात उतरली भलतीच पोरं. आणखी ऐक. तेव्हा याच दोन संघांच्या सगळ्या वनडे मोजल्या तर पाकिस्तानचे विजय 73, आपले 55. म्हणजे रकाना बदलला की फेव्हरिट बदलतो. मी कोणता रकाना निवडला? जो आवडला तो. तूही तेच करतोयस, फक्त तुझे रकाने रंगीत आहेत.

एका सामन्यावरून बोलतो म्हणशील, तर 2024 घे. तोवर न्यूझीलंडने भारतात जिंकलेल्या कसोट्या दोनच: 1969 ला नागपूर, 1988 ला मुंबई. मग बंगळूरला आपण 46 वर गारद, पाठोपाठ पुणे, पाठोपाठ वानखेडे. 3-0. पुण्याच्या सामन्याला, गहुंज्याच्या मैदानात, मी उन्हात बसलो होतो. त्यांच्या सँटनरने 13 बळी घेतले. त्याआधी या गड्याने कसोटीच्या एका डावात पाच बळीसुद्धा घेतले नव्हते. त्याला तुझ्या शीटमध्ये कुठे बसवशील?

आमनेसामनेची आकडेवारी अगदीच टाकाऊ नाही. तीच माणसं, तशीच खेळपट्टी, आणि मागच्या निकालामागचं कारण अजून शिल्लक असेल तर ती काहीतरी सांगते. डावखुऱ्याचा आत येणारा चेंडू एखाद्याला सतत छळत असेल, तर ते कारण. ‘हे नेहमी जिंकतात’ हे कारण नव्हे.

पण समजा तुझं कारणही बरोबर निघालं. तरी भाव बघ! फेव्हरिटला 40 पैसे लागलेत. 100 लावले तर 40 सुटणार. असे दहा सामने लाव आणि सात बरोबर ओळख. हातात 280, गेले 300. दहात सात ओळखणारा हुशार माणूस 20 रुपयांनी खड्ड्यात! एवढं साधं गणित तुझ्या शीटमध्ये नाही. भावाचा रकानाच नाही. चिडलो ते यावर.

कायद्याचं तुला माहीत आहे. आपल्याकडे जुगाराविरुद्ध कायदा 1887 पासून आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांचे खेळही बंद केले. त्यावर प्रवचन देत नाही. मी तर दुबईनंतर एक रुपया लावलेला नाही.

त्याला कारण माझे गेलेले पैसे नव्हेत. त्या रात्री माझ्या शब्दावर मेव्हण्यानेही लावले होते, स्कूटरसाठी साठवलेले. सकाळी म्हणाला, ‘दाजी, तुमची वही खोटी निघाली.’ वही खोटी नव्हती रे. बारा सामने झाले होते, बाराही निकाल खरे होते. भाव बघितला नाही, ही चूक माझी. पण वही खरी होती, हे मी आजही म्हणतो. तो अजून बसने जातो, आणि माझ्यासमोर क्रिकेटचा विषय काढत नाही.

टीप मागितलीस, ती देणार नाही. एक काम देतो. पुढच्या सामन्याला नाणेफेकीआधी कागदावर लिही: असे शंभर सामने झाले तर हा संघ किती जिंकेल. बाजूला त्या दिवशीचा भाव. पैसे लावायचे नाहीत. जिथे जिथे 70 लिहिलंस, त्यातले खरंच शंभरात सत्तरच्या आसपास आले का, ते आपण मिळून मोजू.

शंभर कागद झाले की ये. शीट आणू नकोस.