वाचक विचारतात : एक तरी खिडकी उघडी ठेवायची!

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं इंग्रज लेखक फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या कादंबरीमालिकेचे तिन्ही भाग वाचून काढले. शेवटचा संपला त्या रात्री ती जेवली नाही. ‘आई, त्या दोघांसाठी एक तरी खिडकी उघडी ठेवायला काय झालं होतं?’ म्हणत रडतच झोपली. मी ही पुस्तकं वाचलेली नाहीत. जाऊबाई म्हणतात, ती देवाधर्माविरुद्ध आहेत, बंद कर. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, बंद करू नका. वाचनालयात मुलांच्या विभागात मी अठरा वर्षं बसले. हा तिसरा भाग परत करताना डोळे पुसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यातलं कुणी वाचन सोडून गेलं नाही.

तुम्ही वाचलेलं नाही म्हणून थोडं सांगते. पहिला भाग, ‘नॉर्दर्न लाइट्स’, १९९५चा. त्यातली लायरा ऑक्सफर्डमध्ये राहते, पण ते आपल्या जगातलं ऑक्सफर्ड नव्हे. तिच्या जगात प्रत्येकाचा जीव प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. त्याला म्हणतात डीमन. लहान मुलांचे डीमन सारखी रूपं बदलतात, वयात आलं की एका रूपात स्थिरावतात. काही मोठी माणसं मुलं पळवून नेतात आणि त्यांचे डीमन तोडून वेगळे करतात. असाच एक मुलगा लायराला बर्फातल्या एका झोपडीत सापडतो. त्यानं एक सुका मासा छातीशी घट्ट धरलाय, कारण डीमनच्या जागी हातात धरायला दुसरं काहीच उरलेलं नाही. तो मरतो तेव्हा कुणीतरी तो मासा कुत्र्यांना टाकून देतं. लायरा संतापते आणि त्याच्या डीमनचं नाव सोन्याच्या नाण्यावर कोरून ते नाणं त्याच्या तोंडात ठेवते. हे पान मी कितीदा वाचलं असेल, अजून घसा दाटून येतो.

आता खिडकीचं. दुसऱ्या भागात आपल्या जगातल्या विलला एक सुरी मिळते. तिनं हवेत चीर दिली की दुसऱ्या जगात जाणारी खिडकी उघडते. पण प्रत्येक चिरेसरशी माणसाचं चैतन्य खाणारा एक स्पेक्टर जन्माला येतो, आणि उघड्या खिडक्यांतून ‘डस्ट’, म्हणजे जाणिवेचं मूळ द्रव्य, गळून जातं. शिवाय परक्या जगात माणूस दहाएक वर्षांतच खंगत जातो. म्हणून खिडक्या बंद करायच्या ठरतात. तोवर लायरा आणि विल यांचा एकमेकांवर जीव जडलेला असतो, आणि खिडक्या बंद झाल्या की दोघांची कायमची ताटातूट होणार असते. तुमच्या लेकीचा हट्ट अगदी तोच या दोघांचाही असतो. आणि ताई, एक खिडकी उघडी राहतेच! मृतांच्या अंधाऱ्या जगात अडकलेल्या जीवांना बाहेर पडायला या दोघांनीच केलेली वाट आहे ती. एवढ्या एकाच खिडकीतून गळणारं डस्ट भरून निघू शकतं, म्हणून दुसरी ठेवता येत नाही. स्वतःसाठी ती वाट बुजवणं त्यांना जमत नाही. मुलीला जवळ घेऊन एवढंच विचारा, ‘तू असतीस तर बुजवली असतीस?’ आणि तिला बोलू द्या. ‘गोष्टच तर आहे’ असं मात्र म्हणू नका.

जाऊबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुलमन यांचा रोख चर्चच्या सत्तेवर आहे आणि ते तो लपवत नाहीत. मालिकेचं नावच इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या आदम-ईव्हच्या कथेवरच्या महाकाव्यातून घेतलंय. ज्ञानाचं फळ खाणं हे पाप नव्हे, ते मोठं होणं आहे, असं ही गोष्ट मांडते. तेराव्या वर्षी यावर घरात वाद झाला तर होऊ द्या. मात्र त्यासाठी पहिला भाग तुम्ही स्वतः वाचा.

शेवटी लायरा आणि विल ठरवतात की दरवर्षी मिडसमरच्या, म्हणजे जूनमधल्या ऐन उन्हाळ्याच्या दिवशी भर दुपारी, आपापल्या जगातल्या ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधल्या एकाच बाकावर तासभर बसायचं. ही १६२१ची बाग खरी आहे, बाकही आहे. २०१९पासून बाकामागे दोघांच्या डीमनचं शिल्प आहे (विललाही शेवटी स्वतःचा डीमन दिसू लागतो). मुलीला फोटो दाखवा.

ती आता पुढचं मागेल. ‘लायराज ऑक्सफर्ड’ हे छोटं पुस्तक खुशाल द्या, त्यात घडीचा नकाशाही आहे. ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’ मात्र सध्या नको. त्यात लायरा वीस वर्षांची आहे आणि तिच्यावर हल्ला होतो तो प्रसंग फार अंगावर येणारा आहे. तीन-चार वर्षं थांबा.