एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक

प्रश्न : आमच्या छोट्या रोलर गिरणीत गव्हाचा रवा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक पडतो. दाब वाढवला की पीठ तापतं. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दाब कमी करा. तुमचे रोल समांतर नाहीत, आणि तिरके रोल दाबून सरळ होत नाहीत. बेअरिंग मात्र जातं. मेन स्विच बंद करून दोन्ही टोकांना, दोन रोलांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. पहिल्या, खाचांच्या रोलमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर फट असते, गुळगुळीत रोलमध्ये त्याहून पुष्कळ कमी. जाड पडतं त्याच टोकाचा स्क्रू किंचित आवळा.

मग गिरणी चालू करून रोलवर गहू सोडा आणि रोलखालून डावा, मधला, उजवा असे तीन नमुने लांब दांड्याच्या पळीने घ्या. हात मुळीच घालू नका! मी ते काळ्या कागदावर शेजारी शेजारी पसरतो. पहिल्या रोलखालच्या कोंड्याचे पापुद्रे रुंद हवेत. चुरा दिसला तर फट फार आवळली आहे, नाहीतर गहू कोरडा आहे. ओलावा १५-१६ टक्के असू द्या. रोलच्या पूर्ण लांबीवर गहू सारखा पडतो ना, तेही बघा. टोकं जुळूनही मध्येच जाड आलं, तर रोल झिजलेत. ते ग्राइंडिंगला पाठवा.