प्रादेशिक करारांमुळे सदस्य देशांमधील व्यापार खरोखर वाढतो का?

प्रादेशिक आर्थिक एकत्रीकरणाने सदस्य देशांमधील व्यापार वाढतो का, आणि वाढत असेल तर सार्क, म्हणजे भारत व शेजारच्या दक्षिण आशियाई देशांच्या गटात, तो का वाढला नाही, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये द्राक्षे व कांद्याच्या निर्यातीची कागदपत्रे तयार करतो, त्यामुळे उत्तर याच दोन पिकांच्या आधारे देतो.

व्यापार वाढतो, पण केवळ आयातशुल्क उतरल्यामुळे नव्हे. पिंपळगाव बसवंतहून निघालेला द्राक्षांचा कंटेनर नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरला, की कीटकनाशकांच्या अंशाची जी मर्यादा तेथे लागू असते तीच जर्मनीत आणि पोलंडमध्येही असल्याने, त्याच पेट्या वाटेत सीमाशुल्काचा एकही नाका न लागता पुढे जातात. आपण तर बाहेरचे. सदस्य देशांना ही सोय रोजचीच. युरोपीय देशांनी आपसातले शुल्क १९६८ मध्येच संपवले होते, तरीही नियम एकसारखे करून एकच बाजारपेठ उभी करायला १९९३ उजाडले. आज त्यांचा निम्म्याहून अधिक व्यापार आपसातच चालतो.

अर्थात, वाढलेला सगळाच व्यापार नवा नसतो. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि न्यूझीलंडच्या स्वस्त लोण्याची जागा हळूहळू युरोपातील महागड्या लोण्याने घेतली. अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्येच अशा प्रकाराला व्यापाराचे विचलन म्हटले होते.

सार्क देशांचा साफ्टा हा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे, परंतु त्यांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतो. प्रत्येक देशाने सवलतीतून वगळलेल्या मालाची लांबलचक ‘संवेदनशील यादी’ जपली आहे, आणि भारत-पाकिस्तान व्यापाराविषयी तर बोलायलाच नको. बांगलादेशाला जाणारा आमचा कांदा सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याची रांग संपवून पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला पोहोचला, की तेथे उतरवून पुन्हा त्यांच्या ट्रकमध्ये भरावा लागतो. कांद्यासारख्या नाशवंत मालाला हा खोळंबा शुल्कापेक्षा महाग पडतो. त्यात २०१९, २०२० आणि २०२३ अशी तीनदा निर्यातबंदी आली. सप्टेंबर २०२० मध्ये माझे कागद पूर्ण होते, ट्रक सीमेवर उभे होते, आणि करारातले एकही कलम कामी आले नाही. ढाक्याचा तो खरेदीदार आजही आमच्याकडून माल घेतो, मात्र तेव्हापासून एकदम मोठी मागणी नोंदवत नाही आणि उरलेली गरज म्यानमार व इजिप्तच्या कांद्यावर भागवतो.