बायकांची मॅच लावा, आणि आवाज पण द्या

परदेशात राहणाऱ्या वाचकांची पत्रं या सदरात नेहमीच येतात. यावेळची तीन पत्रं, दोन इंग्लंडमधून आणि एक पुण्याहून, एकाच विषयावर आलीत, बायकांच्या मॅच एकत्र बसून बघण्याच्या, म्हणून एकत्र घेतेय.

प्रश्न : ताई, मी रेडिंगला राहते. मुलगी दहा वर्षांची आहे, इथल्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट विंगला खेळते. आमच्याकडे स्काय स्पोर्ट्सचं कनेक्शन नाही म्हणून गेल्या रविवारी विमेन्स सुपर लीगची, म्हणजे इथल्या बायकांच्या मुख्य फुटबॉल लीगची, मॅच बघायला तिला जवळच्या पबमध्ये घेऊन गेले. विनंती केल्यावर लावली त्यांनी, पण कुठे तर टॉयलेटच्या दाराजवळच्या छोट्या टीव्हीवर, आवाज बंद करून. मोठ्या स्क्रीनवर पुरुषांच्या आदल्या दिवशीच्या मॅचचे हायलाइट्स चालू होते. हाफटाइमला मुलगी म्हणाली, आई घरी जाऊया. मी काहीच बोलले नाही, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. काय करायला हवं होतं?

उत्तर : अगं, तू तिला घेऊन गेलीस हेच आधी खूप झालं. आणि ऐन वेळी काउंटरवर उभं राहून भांडायला मलाही जमलेलं नाही, एकदा माझ्याही बाबतीत हेच झालंय आणि मी गप्प चिप्स खाऊन परत आले. त्यामुळे जे करायचं ते आदल्या आठवड्यात करायचं.

मंगळवार-बुधवारी दुपारी फोन कर, तेव्हा पब रिकामा असतो आणि मॅनेजर नीट बोलतो. रविवारी बारा वाजता अमुक मॅच आहे, आम्ही इतके जण येतोय, जेवणार आहोत, मोठ्या स्क्रीनसमोरचं टेबल हवंय आणि कॉमेंट्री ऐकू यायला हवी, असं सरळ सांग. आवाजाचं तर आवर्जून बोल, कारण लोक "मॅच लावाल का" एवढंच विचारतात आणि मग तुला मिळालं तेच मिळतं, कोपऱ्यातली मुकी मॅच. आवाज नसला की आजूबाजूचं कोणी मान वर करून बघत नाही, गोल झाला तरी कळत नाही, आणि मग बारमागचा माणूस म्हणायला मोकळा की बघा, कोणालाच इंटरेस्ट नव्हता.

वेळ तुझ्या बाजूने आहे हेही लक्षात ठेव. २०२५-२६ च्या सीझनपासून या लीगच्या बहुतेक मॅच रविवारी दुपारी बाराला ठेवल्यात, म्हणजे पुरुषांच्या दोनच्या मॅचच्या आधी, तेव्हा मोठी स्क्रीन अडवून ठेवायला दुसरं फारसं काही नसतंच. अडचण एकच, बरेच पब उघडतातच बाराला, मग लाइट लावा, टीव्ही लावा, चॅनेल शोधा यात पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. पावणेबाराला दार उघडाल का हेही फोनवरच विचार.

आणि पैशाचं कारण दिलं तर ऐकू नकोस. पबला घरगुती कनेक्शन चालत नाही, वेगळं कमर्शियल कनेक्शन घ्यावं लागतं, ते महाग असतं हे खरंच. पबमध्ये स्काय स्पोर्ट्स चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासचं छोटंसं चित्र दिसतं ना, ती त्याचीच खूण. पुढच्या वेळी बघ. ते चित्र दिसलं म्हणजे पैसे भरलेले आहेत, आणि बायकांच्या बहुतेक मॅच त्याच चॅनेल्सवर असतात, प्रश्न फक्त रिमोट उचलण्याचा आहे.

"बायकांचं फुटबॉल कोण बघतं" हे ऐकलं की मात्र मला फार त्रास होतो. १९२० च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे ख्रिसमसनंतरच्या सुट्टीला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या टीमची मॅच बघायला ५३ हजार माणसं आली होती, कारखान्यात काम करणाऱ्या मुलींची टीम ती! पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना योग्य नाही म्हणत आपल्या क्लबांच्या मैदानांवर त्यांना बंदी केली, आणि ती जवळजवळ ५० वर्षं राहिली. म्हणजे प्रेक्षक होते, त्यांच्यासमोरून खेळ उचलून नेला.

३१ जुलै २०२२ ला बायकांच्या युरोची, म्हणजे युरोपियन चॅम्पियनशिपची, फायनल होती, इंग्लंड-जर्मनी, वेम्बलीवर ८७,१९२ माणसं. मी पबमध्ये बघत होते, बसायला जागा नाही, खिडकीच्या कट्ट्यावर अर्धी टेकलेली. माझ्या पुढे एक सात-आठ वर्षांची मुलगी खुर्चीवर उभी, एका हातात केचप लागलेली चिप, ती तोंडात घालायचं पण विसरलेली. एक्स्ट्रा टाइममध्ये, ११० व्या मिनिटाला इंग्लंडच्या क्लोई केलीने बॉल आत ढकलला आणि तिने शर्ट काढून गरागरा फिरवला तेव्हा त्या पोरीचे वडील रडत होते, आणि ती चिप माझ्या पायावर पडली. तो आवाज अजून कानात आहे माझ्या, तो तुझ्या मुलीला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तिच्या टीममधल्या दोन-तीन मुली आणि त्यांच्या आईवडिलांना पण बोलाव. आठ-दहा जण येऊन संडे रोस्ट खाऊन गेले की मॅनेजर पुढच्या रविवारी स्वतःहून टेबल ठेवतो, हे मी बघितलंय.

प्रश्न : लेस्टरहून लिहितेय. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. स्मृती मानधना आमच्या गावची म्हणून बायकांचं क्रिकेट चुकवत नाहीत, आता नातीबरोबर फुटबॉलही बघायला लागल्यात. पण पब म्हटलं की म्हणतात, "दारूच्या गुत्त्यात मी नाही यायची." काय सांगू?

उत्तर : त्यांचं चुकत नाही, आपल्याकडे गुत्ता म्हणजे काय ते त्यांनी बघितलेलं असणार. त्यांना पटवायला बसू नकोस. एकदा दुपारी नुसत्या चहाला घेऊन जा, मॅच नसताना. पेन्शनर जोडपी, बाबागाडीतली बाळं, टेबलाखाली झोपलेला कुत्रा, हे सगळं त्यांना स्वतःला दिसू दे. दारू घ्यायची सक्ती कुठेच नसते, चहा नाहीतर लाइम सोडा मागितला तर कोणी वळून बघत नाही. ऑर्डर मात्र बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन द्यावी लागते, त्यांना वाट बघत बसवू नकोस. मुलं मोठ्यांबरोबर असली तर चालतात, पण संध्याकाळी अमुक वाजल्यानंतर मुलं नकोत असा नियम पब आपापला ठेवतात, तो विचारून घे.

आणि त्यांना हेही सांग की लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल विनो नावाच्या वाइन बारमध्ये बायकांना बारपाशी उभं राहून ड्रिंक मागायलाच मनाई होती, आत जाऊन टेबलावर बसावं लागायचं. दोन बायका कोर्टात गेल्या आणि १९८२ ला जिंकल्या. सासूबाईंना हे आवडेल असं मला वाटतं.

प्रश्न : पुण्यात आम्हा मैत्रिणींना भारतीय मुलींच्या मॅच एकत्र बघायच्यात, मुलांनाही घेऊन. कुठे जमेल?

उत्तर : मुलं असतील तर इथे पब नकोच, सोसायटीचं क्लबहाऊस मागा. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल जिंकली तेव्हा पावसामुळे मॅच दोन तास उशिरा, पाचला सुरू झाली आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली, तेव्हा हॉल रात्री साडेबारापर्यंत हवा असं सेक्रेटरींना आधीच लिहून द्या. फुटबॉलही विसरू नका, जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ हरवलं आणि आशियाई कपसाठी क्वालिफाय झाल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, भिंत पांढरी असली की पडदाही लागत नाही. पण त्याचा स्वतःचा स्पीकर अगदीच बारीक असतो, गणपतीत मंडळाने वापरलेला मोठा स्पीकर मागून आणा आणि आदल्या दिवशी लावून बघा.