पहिला रॅप व्हिडिओ काढताना

भावा, तुझं गाणं ऐकलं. दुसरं कडवं एकदम कडक आहे. पण आधी रेकॉर्डिंग पक्कं कर, मग कॅमेरा काढ.

भाड्याची गाडी, गॉगल, धूर हे डोक्यातून काढून टाक. नवीन पोरांचे पैसे तिथंच जातात. एक कल्पना पुरते. 'द फारसाइड' या अमेरिकन रॅप ग्रुपचं 'ड्रॉप' (१९९५) बघ. दिग्दर्शक स्पाइक जोन्झनं त्यांना अख्खं गाणं उलटं पाठ करायला लावलं, तसंच शूट केलं आणि मग चित्र उलटं फिरवलं. ओठ गाण्याशी जुळतात, पण अंगाची चाल वेगळीच दिसते. मी ते कितीतरी वेळा थांबवून थांबवून बघितलंय. आणि साधनांचं म्हणशील, तर मुंबईच्या रॅपर नेझीनं २०१४ साली 'आफत' आयपॅडवर काढलं. तुझा मोबाइल चालतोय.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- जागा एकच धर. रंकाळा हवा असेल तर उजाडताना जा, संध्याकाळी भेळेच्या गाड्यांची गर्दी असते.
- स्पीकरवर गाणं लाव आणि खरंच ओरडून म्हण. पहिल्या वेळी मी नुसते ओठ हलवले. गळ्याची शीरसुद्धा ताणलेली दिसेना, सगळं शूट परत करावं लागलं.
- आधी पूर्ण गाणं सलग तीनदा काढ. तुकडे नंतर.

ड्रोन, स्लो मोशन पुढच्या गाण्याला बघू. स्पीकर नसेल तर माझा घेऊन जा, रविवारी मी घरीच आहे.