हप्ता कशावर पडतो ते बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कृषी खात्यात सजा, म्हणजे तुझ्या हद्दीतली गावं मिळाली, आणि महिन्याभरात महाडीबीटी या अनुदानाच्या पोर्टलवरच्या अर्जांनी डोकं उठलं, असं लिहिलं आहेस. ते तसंच चालणार. पण तू विचारलंस की इतक्या योजनांतली शेती खरंच टिकाऊ करणारी कोणती, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

योजनेचं नाव वाचू नकोस. नावात 'शाश्वत' असतंच. शासन निर्णय हातात आला की सरळ अनुदानाच्या परिच्छेदावर जा आणि पैसा कोणत्या दिवशी, काय बघून सुटतो ते शोध. त्या एका ओळीवर पुढचं सगळं ठरतं.

ठिबकचंच घे. केंद्राचं अनुदान अल्प-अत्यल्पभूधारकाला 55 टक्के, इतरांना 45. वर राज्य आपल्या शाश्वत सिंचन योजनेतून भर घालतं, ती धरून 80 आणि 75 टक्के. चांगली योजना आहे, ठिबकमुळे तगलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. पण पैसा सुटतो तो संच बसल्यावर. मी एका गावात ऑक्टोबरमध्ये मोका तपासणी केली. नळ्या सरळ अंथरलेल्या, ड्रीपरमधून टपटप पाणी, शेतकरी शेजारी उभा, फोटो झाला, सही केली. पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्याच कामाला त्या वाटेने गेलो तर त्याच नळ्या गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर, अर्ध्या उंदरांनी कुरतडलेल्या, आणि शेतात पाटाने पाणी चाललेलं. विहिरीचं पाणी क्षाराचं. फिल्टर कधी धुतला नव्हता, आम्लप्रक्रिया, म्हणजे नळ्यांत आम्ल सोडून साठलेले क्षार काढणं, कशी करतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. माझ्या कागदांत मात्र ते क्षेत्र सूक्ष्म सिंचनाखालीच राहिलं. दोष त्या शेतकऱ्याचा नव्हता. सरकारने पाण्याच्या बचतीचे नाही, नळ्यांचे पैसे दिले होते, आणि नळ्या त्याने घेतल्या होत्या.

आता फळबाग बघ. 1990 साली आपल्या राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. कोरडवाहू माळावर आंबा, बोर, सीताफळ उभं राहिलं ते त्यानंतर. आजच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेतही अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं येतं, आणि पुढचे हप्ते झाडं ठरलेल्या प्रमाणात जगली असतील तरच. हे शेवटचे शब्द ज्याने कुणी घातले त्याला शेती कळत होती. नोकरीच्या सुरुवातीला एका माळावर आंब्याची रोपं मोजायला गेलो होतो, मे महिना. शेतकऱ्याची म्हातारी आई प्रत्येक रोपाशी पुरलेल्या मडक्यात तांब्याने पाणी ओतत होती. मला म्हणाली, "सायेब, मेलेली आधी मोजा, म्हंजी तुमची भीती जाईल." मेलेली सहा निघाली. तिने ती आधीच मोजून ठेवली होती, आणि त्यांच्या जागी लावायला सहा रोपं सावलीत तयार होती. हप्ता जगण्यावर असला की माणूस असा मोजतो.

ज्यांना योजनेचं नावच नाही अशी धोरणं सगळ्यांत मोठी. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, डीएपी या स्फुरदाच्या खताची 1350 ला. 2010 साली स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, युरिया त्याबाहेर, स्वस्तच राहिला. तू माती परीक्षणाचा कितीही कार्यक्रम घे, दुकानातला हा भाव रोज तुझ्याविरुद्ध भाषण करतो. 2015 पासून वाटलेल्या जमीन आरोग्य पत्रिका घरोघरी कॅलेंडरमागे सापडतील. त्यातही गोम अशी की नमुने ग्रिडने, म्हणजे जमिनीच्या चौकटी आखून घ्यायचे होते, बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे पत्रिकेवर नाव याचं, आणि माती कदाचित शेजाऱ्याच्या वावरातली! शेतकऱ्याने ती खुंटीला लावली तर हसू नकोस.

उसाचंही तसंच. ऊस तुटला की 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, द्यायचं बंधन कारखान्यावर आहे. उशीर होतो, आंदोलनं होतात, पण गिऱ्हाईक ठरलेलं आणि भाव ठरलेला. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, आणि बाजार समितीत व्यापारी त्याखाली बोली लावतो. मग पाणी असलेला माणूस तूर का लावेल?

नुसत्या बंदीनेही भागत नाही. पंजाबात भूजल खचलं म्हणून 2009 साली कायदा केला: 10 जूनच्या आधी भाताची लावणी नाही. हेतू चोख होता. पण लावणी पुढे गेली तशी काढणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी हातात थोडे दिवस उरले, आणि भाताचा पेंढा पेटवणं ऐन थंडीच्या तोंडावर येऊन पडलं. दिल्लीच्या धुराला हेही एक कारण धरतात. फुकट वीज आणि भाताची हमखास खरेदी मात्र जागेवरच. श्रीलंकेने 2021 मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माघार घेतली.

हिवरे बाजारला शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचं ठरतं. ती बंदी टिकली, कारण ती ग्रामसभेने घातली आणि तिच्याआधी आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामं झाली होती. तिथलं काम उभं करणाऱ्या पोपटराव पवारांसारखा माणूस प्रत्येक गावात मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी तुझ्या एखाद्या गावात ताळेबंद मांडून बघ. त्याला पूर्वसंमती लागत नाही.

निकष बदलणं तुझ्या हातात नाही, तपासणीची तारीख थोडीफार आहे. बसवलेला संच ऑक्टोबरात सगळ्यांचाच चालतो. गेल्या वर्षीचे पाच-दहा संच निवड आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात, न कळवता, सकाळी सातच्या आत जा. शेवटच्या नळीचं टोक सोडून पाणी कसं येतं ते बघ, मग फिल्टर उघडायला लाव. तो उघडायचे पाने सहसा कुणाकडे नसतात. माझा पान्यांचा जुना संच घरी पडून आहे, पुढच्या एसटीने पाठवतो.

तुझा,
काका