हेपॅटायटिसमध्ये पोस्टडॉक : आधी पेशी कोणत्या ते विचारा

प्रश्न : डेंग्यूचा विषाणू पेशीत कसा शिरतो, यावर माझी पीएच.डी. आहे. सहा महिन्यांत प्रबंध सादर होईल. पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) हेपॅटायटिसवर करायचंय, पण ‘सी’वर औषध निघालं, आता त्यात काय उरलंय, असं सगळे म्हणतात. प्रयोगशाळा कशी निवडू?

उत्तर : सगळे म्हणतात ते अर्धं खरं आहे. 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी ‘सी’चे 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. लस मात्र अजून नाही, आणि विषाणू गेल्यावरही सिऱ्हॉसिस झालेल्या (व्रणांनी कडक झालेल्या) यकृतात कर्करोगाचा धोका उरतोच. डेंग्यू आणि ‘सी’ एकाच कुळातले, म्हणून लोक तुम्हाला तिकडेच ढकलतील. माझं मत ‘बी’ आणि ‘डी’च्या बाजूचं आहे. दोघेही एनटीसीपी या एकाच रिसेप्टरवरून, म्हणजे यकृतपेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनावरून, आत शिरतात. तो 2012 मध्ये सापडला, आणि प्रवेश हाच तुमचा हातखंडा विषय. ‘बी’ची खरी गाठ मात्र पुढे, केंद्रकात आहे. तिथल्या सीसीसी-डीएनएला, म्हणजे विषाणूच्या टिकून राहणाऱ्या वर्तुळाकार डीएनएला, टेनोफोव्हिर, एन्टेकाव्हिर ही नेहमीची औषधं हात लावत नाहीत, म्हणून गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत विषाणू परततो.

मुलाखतीत पहिला प्रश्न पेशींचा विचारा. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या साध्या हेप-जी-2 या यकृताच्या कर्करोगपेशींत एनटीसीपी जवळजवळ नसतो. तो बाहेरून घालावा लागतो. तरीही संसर्ग होण्यासाठी डीएमएसओ, पीईजी ही मदतनीस रसायनं आणि पेशीमागे शेकडो विषाणूकण लागतात. इथेच फसगत होते. ओतलेल्या विषाणूचा डीएनए पेशींना चिकटून राहतो आणि डीएनए मोजणारी क्यूपीसीआर चाचणी त्यालाच संसर्ग समजते. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये बुलेव्हिर्टाइडने (एनटीसीपी अडवणाऱ्या औषधाने) प्रवेश रोखलेली एक वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, हवीच. तिथेही सिग्नल आला, तर तो जुनाच माल. सीसीसी-डीएनए मोजताना टी-5 एक्झोन्यूक्लिएज या विकराने बाकीचा डीएनए आधी कापतात का, आणि सदर्न ब्लॉट (डीएनएचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी) स्वतः करणारं कुणी तिथे आहे का, हेही विचारा. उत्तरं गुळमुळीत आली, तर प्रयोगशाळेचं नाव कितीही मोठं असो, दुसरीकडे बघा. मानवी यकृतातून काढलेल्या पेशी वापरत असतील तर पुरवठा नियमित आहे का ते पाहा. दाता बदलला की आकडे बदलतात, आणि साध्या प्लेटवर त्या काही दिवसांतच आपले गुण हरवतात.

पेशी लावण्यापासून मोजणीपर्यंत एका प्रयोगाला दोन-तीन आठवडे सहज जातात. करार दोन वर्षांचा असेल, तर पेशींची पद्धत आधीच बसलेली हवी. ती बसवण्यातच पहिलं वर्ष जाऊ शकतं. हे प्रमुखांपेक्षा तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोस्टडॉकला विचारा, खरं कळेल.

ई-मेल अर्ध्या पानाचा पुरे. त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातली एक आकृती घ्या आणि तिच्यापुढचा कोणता प्रयोग तुम्ही कराल, ते लिहा. ‘तुमच्या कामाने प्रभावित झालो’ हे वाक्य वगळा.

‘बी’ची लस झाली नसेल तर याच आठवड्यात सुरू करा. डोस 0, 1 आणि 6 महिन्यांवर असतात; शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा. प्रमाण 10 मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवं. आज सुरुवात केलीत, तर तिसरा डोस प्रबंधाच्या सुमारासच येईल.